किनाऱ्याजवळची पहिली ऑफ-रोड वाट: ती सोपी कधी असते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. फोर बाय फोर गाडी घेऊन सहा-सात महिने झालेत, पण चाकं अजून डांबरावरून खाली उतरलेली नाहीत. समुद्रालगतच्या शेतशिवारातून जाणारी बारा-एक किलोमीटरची कच्ची वाट मनात आहे. आधी शेतांमधला मातीचा रस्ता, मग एक ओढा, त्यापुढे सखल ओलसर पट्टा आणि शेवटचे दीड-दोन किलोमीटर पुळणीवरून, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवरून, जिथे गाडी न्यायला परवानगी आहे. जाऊन आलेले सगळे म्हणतात, वाट सोपी आहे. नवख्याने पहिल्यांदा इथेच जावं का?

जावं. शिकायला अशी वाट फार चांगली. चढ कमी, वेग कमी, आणि दर दोन-तीन किलोमीटरला चाकाखालची जमीन बदलते. पण ‘सोपी’ या शब्दाबद्दल आधी बोलायला हवं. मी आजवर ज्या गाड्या ओढून बाहेर काढल्या, त्यांतल्या बऱ्याचशा सोप्या म्हणवल्या जाणाऱ्या वाटांवरच बसलेल्या होत्या. डोंगरातली अवघड वाट सकाळी अवघड असते आणि संध्याकाळीही तेवढीच अवघड असते; तिचे दगड जागचे हलत नाहीत. किनाऱ्याची वाट तासातासाला बदलते. सकाळी नऊला ज्या वाळूवरून सायकल जाईल, तिथेच दुपारी तीनला पाणी उभं असतं. तेव्हा वाट सोपी आहे असं सांगणाऱ्याला तीन गोष्टी विचारा: किती वाजता गेला होतात, तिथी कोणती होती, आणि टायरमध्ये हवा किती होती? या तिन्हींची उत्तरं नसतील तर त्याच्या ‘सोपी’चा तुम्हाला उपयोग नाही.

म्हणून सुरुवात भरती-ओहोटीपासून करतो. गाडीबद्दल नंतर बोलू.

बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती येते. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, त्यामुळे आजची वेळ उद्या पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते. गेल्या शनिवारी मित्र सकाळी दहाला आरामात जाऊन आला, याचा अर्थ या शनिवारी दहाला तिथे पाणी नसेल असा नाही. आठवड्याभरात वेळापत्रक जवळपास उलटं होतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते. तेव्हा पाणी सर्वांत वर चढतं आणि ओहोटीला सर्वांत लांब मागेही जातं. सप्तमी-अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, म्हणजे चढ-उतार कमी. मार्च आणि सप्टेंबरमध्ये, दिवस-रात्र सारखी होण्याच्या काळात, उधाणं बऱ्याच किनाऱ्यांवर वर्षातली सर्वांत मोठी असतात. नवख्याने पहिल्या फेरीसाठी भांगाचा दिवस निवडावा. ओहोटीला पुळण थोडी अरुंद मिळेल, पण पाण्याची चाल संथ असेल.

नुसत्या वेळेपेक्षा पाणी कसं चढतं हे समजून घेणं जास्त महत्त्वाचं आहे. ओहोटी संपल्यापासून भरती पूर्ण होईपर्यंत ढोबळ सहा तास धरा. या सहा तासांत पाणी सारख्या गतीने चढत नाही. दर्यावर्दी लोक वापरतात तो बाराव्या भागांचा नियम आहे: एकूण चढाचे बारा भाग केले, तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक. समजा चढ ३ मीटरचा आहे. पहिल्या तासात पाणी फक्त २५ सेंटिमीटर वर येतं. माणूस पाहतो आणि म्हणतो, अजून पुष्कळ वेळ आहे. तिसऱ्या तासात तेच पाणी ७५ सेंटिमीटर चढतं. आता पुळणीचा उतार पन्नासास एक असेल, म्हणजे पन्नास मीटर चाललं की एक मीटर उंची वाढते, तर त्या एका तासात पाण्याची कड जवळजवळ ३७ मीटर आत सरकते. हे गणित एकदा कागदावर करून बघा. पुळणीवर उभं राहून ते डोळ्यांना जाणवत नाही.

आणि पाणी नेहमी समोरूनच येत नाही. सपाट किनाऱ्यावर जे खोलगट चर असतात, खाडीचे फाटे असतात, ते आधी भरतात. तुम्ही समुद्राकडे बघत असता आणि तुमच्या पाठीमागे, ज्या बाजूने आलात तिथेच, पाणी भरलेलं असतं. इंग्लंडमधल्या मोरकॅम उपसागराच्या सपाट वाळूवर फेब्रुवारी २००४ मध्ये शिंपले गोळा करणारे वीसहून अधिक मजूर रात्रीच्या भरतीत सापडून बुडाले. अशा जागांचं खरं रूप हे आहे. दिवसा, ऊन असताना, गाडीत बसून ते दिसत नाही.

माझा नियम साधा आहे. ओहोटी पूर्ण होण्याच्या दोन तास आधी पुळणीवर उतरायचं आणि पूर्ण ओहोटीनंतर तासाभरात बाहेर पडायचं. पाणी मागे जात असताना उतरलात तर चूक करायला वेळ मिळतो. गाडी बसली तरी पाणी तुमच्यापासून लांब चाललेलं असतं, शांतपणे फावडं चालवता येतं. हीच चूक भरती लागल्यावर केली तर प्रत्येक मिनिट अंगावर येतं. ऑस्ट्रेलियात क्गारी बेटावर, ज्याचं आधीचं नाव फ्रेझर आयलंड, पुळणीचा अधिकृत रस्ता म्हणून वापर होतो आणि वेगमर्यादेच्या पाट्याही आहेत. तिथेही भरतीच्या आधीचे आणि नंतरचे दोन तास पुळणीवर गाडी चालवू नका असंच सांगतात. छापील वेळापत्रकात वारा धरलेला नसतो हेही लक्षात ठेवा. समुद्राकडून जोराचा वारा असेल किंवा हवेचा दाब उतरलेला असेल तर पाणी तक्त्यापेक्षा वर चढतं. दाब एक मिलीबार उतरला की पाण्याची पातळी साधारण एक सेंटिमीटर वाढते. वादळी हवा असेल तर पुळणीचा भाग सरळ गाळा आणि वाट अर्ध्यावरून परत घ्या.

आता हवा. टायरमधली.

नवख्यांना सर्वांत कठीण जाते ती ही गोष्ट, कारण हवा कमी असलेला टायर म्हणजे काहीतरी बिघडलंय असं आपल्या मनात पक्कं बसलेलं असतं. हिशोब बघा. दोन टनांच्या गाडीत प्रत्येक चाकावर साधारण ५०० किलो भार येतो. ३२ पीएसआयला टायर जमिनीला जेवढा टेकतो ती जागा ढोबळमानाने १५ सेंटिमीटर बाजूच्या चौकोनाएवढी. ५०० किलो तेवढ्यावर! हवा १६ वर आणली की ही जागा जवळपास दुप्पट होते. टायरच्या बाजूच्या भिंती थोडा भार उचलतात, म्हणून बरोबर दुप्पट नाही, पण फरक मोठा पडतो. ही जागा रुंदीपेक्षा लांबीत जास्त वाढते. टायर रणगाड्याच्या पट्ट्यासारखा लांबट टेकतो, वाळूला कापत खाली जात नाही, तिच्यावरून चालतो. राल्फ बॅगनॉल्ड नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने १९२० च्या दशकाच्या शेवटी आणि १९३० च्या दशकात लिबियाच्या वाळवंटात साध्या फोर्ड गाड्या नेल्या. त्या फोर बाय फोर नव्हत्याच. हवा कमी करणं आणि रुतलेल्या चाकाखाली पोलादी पन्हळी घालणं, ही त्याची दोन हत्यारं. आज आपण प्लास्टिकचे ट्रॅक्शन बोर्ड नेतो, ते त्या पन्हळींचेच वारस.

आकडे सांगतो, पण गाडीच्या वजनाप्रमाणे आणि टायरप्रमाणे थोडं इकडेतिकडे करावं लागेल. डांबरावर ३२ असेल तर मातीच्या खडबडीत रस्त्यावर २४-२५. पुळणीवर उतरण्याआधी १६ ते १८. रुतलात तर १२-१३ पर्यंत खाली या, पण त्याखाली नको. टायर रिमवरून निसटू शकतो. हवा कमी असताना वेग ४० च्या आत आणि वळणं रुंद, सावकाश. चालून टायर तापलेला असतो तेव्हा गेज तीन-चार पीएसआय जास्त दाखवतं, त्यामुळे दहा मिनिटं थांबून मग मोजा. गेज स्वतःचं, हातातलं असू द्या. आणि कंप्रेसर नसेल तर हवा सोडूच नका, म्हणजेच वाळूवर जाऊच नका. अर्ध्या हवेच्या टायरवर डांबरावरून वेगात गेलं की टायरच्या भिंती तापून फाटतात.

मागे एक निवृत्त शिक्षिका शिकायला आल्या होत्या. पहिल्यांदा व्हॉल्व्हची सुई दाबताना त्यांचा हात थरथरत होता. फुस्स आवाज सुरू झाला, मी सेकंद मोजायला सांगितले. चौथ्या चाकापर्यंत त्यांना आवाजावरूनच अंदाज यायला लागला होता. मग मी त्यांना मातीवर आडवं होऊन टायरचं पोट बघायला लावलं: खालच्या बाजूला भिंत बाहेर फुगलेली, रबर जमिनीला लांबवर चिकटलेलं. ‘आता हा चप्पल घातल्यासारखा दिसतोय,’ त्या म्हणाल्या. मला आजवर यापेक्षा चांगलं वर्णन सापडलेलं नाही. त्या दिवशी त्या एकदाही रुतल्या नाहीत, आणि त्याचं श्रेय गाडीच्या ताकदीपेक्षा त्या चार मिनिटांच्या कामाला जास्त होतं.

गाडी कोणती, यावर मी फार वेळ घालवणार नाही. या वाटेला ग्राउंड क्लिअरन्स २०० मिलिमीटरच्या आसपास असला आणि पुढे-मागे मजबूत टो हुक असले की पुरे. मोठे टायर, उंच सस्पेन्शन, विंच, यांतलं काही पहिल्या फेरीला लागत नाही. टू व्हील ड्राइव्ह गाडी मातीच्या रस्त्यापर्यंत न्या, पुळणीवर नको. एवढं मात्र माहीत हवं की तुमची फोर बाय फोर कोणत्या प्रकारची आहे. हाताने फोर-एच (चारही चाकांना जोर देणारा, नेहमीच्या वेगाचा पर्याय) लावायची, मधला डिफरेन्शिअल नसलेली पार्ट-टाइम गाडी असेल तर कोरड्या डांबरावर फोर-एच लावू नका. वळताना पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, हा फरक जिरायला जागा नसते आणि सगळा ताण गिअर-शाफ्टवर येतो. माती लागली की लावा. अडकल्यावर नाही, आधी.

शेतांमधल्या रस्त्यावर मुख्य शिकण्याची गोष्ट म्हणजे चाकोरी. ट्रॅक्टरच्या जाण्या-येण्याने दोन खोल घळी पडलेल्या असतात. त्या उथळ असतील तर सरळ त्यांतून जा. खोल असतील तर मधल्या उंचवट्याला गाडीचं पोट टेकेल, तेव्हा एक चाक मधल्या उंचवट्यावर आणि दुसरं बाहेरच्या कडेवर ठेवून चाकोरी पायांमध्ये घ्या. चाकोरीत असताना स्टिअरिंग खोटं बोलतं. तुम्ही ते वळवलेलं असतं, पण घळीच्या भिंती चाकांना सरळच ठेवतात, आणि घळ जिथे उथळ होते तिथे गाडी एकदम वळलेल्या दिशेला उडी मारते. म्हणून मधूनमधून खिडकीतून डोकं काढून पुढचं चाक कुठे बघतंय ते पाहा. अंगठे स्टिअरिंगच्या आत गुंडाळू नका, कडेवर बाहेर ठेवा; चाकाला दगड लागला की स्टिअरिंग झटका देतं आणि अंगठा मोडतो.

शेतातलं फाटक जसं असेल तसंच ठेवून पुढे जा, उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद. गुरं असतील तर इंजिन मंद करून थांबा. या वाटा तिथल्या लोकांच्या रोजच्या कामाच्या आहेत, आणि त्या आपल्यासाठी उघड्या राहतात त्या त्यांच्या मर्जीवर.

छोटा चढ लागला तर सरळ चढा, सरळ उतरा. तिरकं जाऊ नका. चढ अर्ध्यावर सुटला तर गाडी वळवण्याचा विचारही करू नका; ब्रेक लावा, रिव्हर्स टाका आणि आल्या मार्गाने सरळ मागे या. उतारावर लो रेंज (कमी वेगाचे, जास्त जोराचे गिअर), त्यातला पहिला गिअर, पाय क्लचवरून पूर्ण काढलेला. क्लच दाबला की इंजिनचा धरलेला हात सुटतो आणि गाडी मोकळी पळते.

ओढा. समुद्राजवळच्या ओढ्याची खोली पावसावर अवलंबून असते आणि भरतीवरही. जाताना घोट्याएवढा असलेला ओढा परतताना मांडीएवढा असू शकतो, म्हणून परतीच्या वेळेचंही गणित आधीच करून ठेवा. गाडी थांबवा, बूट घालूनच पाण्यात उतरा आणि ज्या दोन रेषांवरून चाकं जाणार त्या दोन्ही रेषा पायांनी चालून बघा. तळ खडीचा आहे की गाळाचा, मध्ये खड्डा आहे का, पलीकडची कड किती उभी. नवख्यासाठी मर्यादा सांगतो: चाकाच्या मध्यापेक्षा जास्त पाणी असेल तर परत फिरायचं. वाहतं पाणी असेल तर त्याहून कमी. ३० सेंटिमीटर वाहतं पाणी छोटी गाडी तरंगवू शकतं आणि ६० सेंटिमीटर बहुतेक गाड्यांना वाहून नेतं, एसयूव्हीसुद्धा. पाण्यात चालण्याच्या वेगाने जा, म्हणजे पुढे छोटी लाट तयार होते आणि तिच्या मागे इंजिनजवळ पातळी थोडी कमी राहते. मध्ये गिअर बदलायचा नाही, क्लच दाबायचा नाही. पलीकडे गेल्यावर ब्रेक दोन-तीनदा हलके दाबून सुकवा.

यानंतरचा सखल पट्टा मला सर्वांत जास्त काळजीचा वाटतो, कारण तो निरुपद्रवी दिसतो. खाजणाची, म्हणजे भरतीचं खारं पाणी शिरणारी जमीन असते ती. वर उन्हाने सुकलेली खपली, तीवर मिठाचा पांढुरका थर, भेगा पडलेल्या. माणूस चालला तर पायाला कडक लागते. खाली मात्र हातभर लोण्यासारखा गाळ असतो. खपली दोन टनांना धरत नाही, आणि एकदा फुटली की चाकाखाली टेकायला काहीच उरत नाही. हातात काठी घेऊन खाली उतरा, टोचून बघा. काठी खपलीनंतर सहज आत गेली तर तिथे गाडी घालू नका. रुळलेल्या चाकोरीवरच राहा. ती ओबडधोबड असली तरी वर्षानुवर्षांच्या चाकांनी दाबलेली असते, आणि शेजारची गुळगुळीत हिरवळ तशी नसते. पाऊस पडून गेला असेल तर दोन-तीन दिवस जाऊ द्या.

मग पुळण. वाळू एकच दिसते, पण तिचे तीन स्वभाव आहेत. पार कोरडी वाळू मोकळी असते, कण एकमेकांना धरत नाहीत. ओलसर वाळूत कणांमधलं थोडंसं पाणी त्यांना घट्ट बांधून ठेवतं. ही सर्वांत कडक. इतकी कडक की वेल्समधल्या पेंडाइनच्या पुळणीवर माल्कम कॅम्पबेलने १९२४ साली ताशी १४६.१६ मैलांचा जमिनीवरचा वेगविक्रम केला होता. आणि तिसरी, पाण्याने तुडुंब भरलेली वाळू: चकचकीत दिसते, पाय आपटला तर थुलथुलते. ती भार आला की पातळ होते. चालवायची ती मधल्या पट्ट्यात, नुकतंच पाणी जिथून मागे गेलंय पण वाळू चमकत नाही अशा जागी. टाचेने दाबून पाहा. टाच जेमतेम बोटाच्या पेराएवढी खाली गेली तर ठीक. घोट्यापर्यंत गेली तर थांबा.

चमकणाऱ्या कडेवर थांबण्याचा धडा मी स्वतः घेतलेला आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी लाटांच्या अगदी जवळ गाडी उभी करून सोबत्यांशी बोलत राहिलो. दहा मिनिटंही झाली नसतील. प्रत्येक लाट परत जाताना चाकांखालची थोडी थोडी वाळू काढून नेत होती, आणि मी लाटांकडे बघत होतो, चाकांकडे नाही. गाडीत बसलो तेव्हा समुद्राकडची दोन्ही चाकं रिमपर्यंत खाली गेलेली होती. दुसरी गाडी सोबत होती म्हणून ती निघाली. तेव्हापासून मी गाडी जमिनीच्या बाजूच्या कोरड्या भागात थांबवतो, पण तोंड चढाकडे ठेवत नाही. शक्य असेल तर थोड्याशा उतारावर, म्हणजे निघताना गाडीला सुरुवातीचा जोर मिळतो.

वाळूवर चालवण्याची पद्धत डांबराच्या उलट आहे. एकसारखा, मवाळ जोर. दुसरा किंवा तिसरा गिअर. थांबायचं असेल तर ब्रेक दाबू नका, पाय उचला आणि गाडी आपोआप थांबू द्या. ब्रेकने चाकांपुढे वाळूची पाचर तयार होते आणि पुन्हा निघताना तीच अडवते. मऊ वाळूत ट्रॅक्शन कंट्रोल इंजिनचा जोर ऐन वेळी कापतं, म्हणून ते बंद करण्याचं बटण कुठे आहे हे घरीच शोधून ठेवा. गाडी मंदावायला लागली आणि इंजिन कण्हायला लागलं की पाय काढा. इथे जास्त रेस केली की गाडी बसते. चाक जागच्या जागी फिरायला लागल्यापासून पोट टेकेपर्यंत तीन-चार सेकंद लागतात. त्या तीन सेकंदांत पाय काढलात तर बहुतेक वेळा रिव्हर्समध्ये आपल्याच दाबलेल्या चाकोरीवरून सहज बाहेर येता.

बसलीच, तर उतरा आणि आधी घड्याळ बघा. मग फावडं. चारही चाकांपुढची वाळू उतरती करून काढायची, पोटाखालची काढायची, हवा आणखी उतरवायची, ट्रॅक्शन बोर्ड चाकाला भिडवून घालायचे, सगळ्यांनी गाडीतून उतरायचं. दहापैकी आठ वेळा एवढ्याने काम होतं. घाई करून आधी ओढायला जाऊ नका; पोट टेकलेली गाडी ओढताना सगळा भार दोरावर येतो. ओढायचंच झालं तर दोर फक्त चासीला बसवलेल्या टो हुकला लावा. ट्रेलर जोडायच्या टो बॉलला कधीही नाही. तो गोळा ताणाखाली तुटतो आणि गोळीसारखा उडतो. अशाने माणसं मेली आहेत. दोराच्या मध्यावर ओलं गोणपाट किंवा जड जॅकेट टाका, आणि बघणाऱ्यांना दोराच्या लांबीच्या दीडपट लांब उभं करा.

यासाठी दोन गाड्या हव्यात. पहिल्या फेरीला एकट्याने जाऊ नका, आणि दुसऱ्या गाडीचा चालक निदान तुमच्यापेक्षा अनुभवी असू द्या.

पुळणीवर आणखी एक रेषा पाळायची असते. शेवटच्या भरतीच्या खुणेच्या वर, म्हणजे वाळलेल्या शेवाळाची आणि शिंपल्यांची ओळ जिथे पडलेली दिसते तिच्या वर, कासवं अंडी घालतात आणि किनाऱ्याचे पक्षी वाळूतल्या साध्या खळग्यात घरटं करतात. वरून काहीच दिसत नाही. कासवाचं पिल्लू अंड्यातून बाहेर आल्यावर समुद्राच्या उजेडाकडे चालत जातं, आणि टायरची खोल चाकोरी त्याला भिंतीसारखी असते. ते तिच्यातच आडवं भटकत राहतं. वाळूच्या टेकड्यांवरचं गवत तुडवलं तर मुळांनी धरलेली वाळू वाऱ्याबरोबर सुटते. म्हणून त्या रेषेच्या वर जायचं नाही, टेकड्या चढायच्या नाहीत, विणीच्या हंगामात पुळण पूर्ण टाळायची. अनेक ठिकाणी पुळणीवर गाडी नेणं बेकायदा आहे. दक्षिण आफ्रिकेने २००१ सालच्या नियमांनी किनाऱ्यावरची करमणुकीची गाडीसवारी बंद केली. तुमच्या वाटेवर आज परवानगी आहे ती गेल्या वर्षीच्या माहितीवर धरू नका, जाण्याआधी विचारून घ्या. परवानगी नसेल तर पुळण जिथे सुरू होते तिथून परत फिरा. उरलेल्या दहा किलोमीटरमध्येही शिकण्यासारखं भरपूर आहे.

डांबर लागण्याआधी थांबून हवा भरायची आणि फोर-एच काढायचं. वाळलेल्या गवतावर गाडी उभी करू नका; सायलेन्सरच्या नळीतला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर शेकडो अंश तापलेला असतो आणि गवत पेट घेतं.

त्याच दिवशी गाडी धुवायची. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, आणि ओल सुकली तरी मीठ पत्र्यावर राहतं, हवेतला दमटपणा ओढून घेतं आणि गंज चालू ठेवतं. बॉनेट-दारं चकाचक करण्यात वेळ घालवू नका, पाणी खाली मारा. चासीच्या पोकळ नळ्यांच्या भोकांतून आत, पाट्यांच्या स्प्रिंगांच्या मध्ये, ब्रेकच्या मागच्या पत्र्यात, स्टेपनी जिथे टांगलेली असते त्या जागेत. गोडं पाणी, दाब मध्यम, आणि खालून गळणारं पाणी स्वच्छ येईपर्यंत. मग थोडं चालवून ब्रेक सुकवा. दुसऱ्या दिवशी खाली वाकून पुन्हा एकदा बोट फिरवा आणि जिभेला लावून बघा. खारट लागलं तर परत पाणी मारा.

दुसरी फेरी याच वाटेवर करा, फक्त दिवस बदला. भांगाऐवजी उधाणाच्या जवळचा दिवस घ्या, पुळणीवर न उतरता वर उभे राहा आणि ओहोटीपासून पुढचे चार तास पाणी कुठून, कोणत्या चरातून, किती वेळात आत येतं ते नुसतं बसून बघा. वहीत वेळा लिहून ठेवा.